त्रेचाळीस वर्षांची माझी पंधरा वर्षांची मुलगी

आमच्या गावात एक जूनला जन्मलेली माणसं मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल. आमच्या वेळी बाप पोराला शाळेत घालायला घेऊन जायचा. हेडमास्तर विचारायचे, "कधी झाला?" बाप डोकं खाजवायचा. माझ्या बापानं, म्हणजे आबांनी, सांगितलं, "बेंदराच्या आदल्या दिशी. थोरली म्हस व्यालीती, तिच्या मागनं दोन दिसांनी ह्यो." हेडमास्तरांनी म्हशीच्या बाळंतपणात लक्ष न घालता वहीत 'एक जून' लिहिलं आणि पुढच्या बापाला हाक मारली. आमच्या वर्गातली अठ्ठावीस पोरं अशी एकाच दिवशी जन्मली. एका दिवसात एवढी बाळंतपणं, म्हणजे गावच्या सुईणीचा सत्कारच व्हायला पाहिजे होता.

ह्याच तारखेवर मी दहावी झालो, बी.कॉम. झालो. घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी कुणी न विचारताही सांगतो आणि पुढंही सांगणार. ज्या घरात माझ्याआधी सगळे अंगठे होते, त्या घराच्या भिंतीवर आज काळ्या गाऊनमधला माझा फोटो आहे, आणि आबा रोज म्हशीच्या धारा काढून आल्यावर त्याच्याकडं एकदा बघतात. नोकरीनं मात्र माझ्याकडं बघितलं नाही. मग फाट्यावर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकलं. उत्पन्नाचा दाखला, आधारची दुरुस्ती, कॉलेजचे प्रवेश, काय वाट्टेल ते. कोल्हापूरचे हेलपाटे वाचतात म्हणून लोक येतात, आणि मीच सरकार असल्यासारखे भांडतात. "काय गा, आजून आलं न्हाई व्हय माझं कार्ड?"

फॉर्म भरणाऱ्या माणसाला एक वाईट खोड लागते. समोरच्याला विचारण्यापेक्षा आपणच ठोकून दिलेलं लवकर होतं. 'व्यवसाय?' असं विचारलं की माणूस दहा मिनिटं आयुष्य सांगतो. मी 'शेती' टाकतो आणि पुढं सरकतो.

शाळा मोबाइलवर भरायला लागली त्या काळात पोरांच्या हातात मोबाइल आले. आई-बाप पोराला घेऊन दुकानात यायचे. "ह्याला ते व्हिडिओचं चालू करून दे की." ॲप जन्मतारीख विचारायचं. खरी टाकली की दार बंद. मग मी माझी टाकायचो. एक जून आणि माझं साल. तोंडपाठ तारीख, बोटं आपोआप चालायची. पोराला विचारायला नको, बापाला तर नकोच नको, त्याला आठवत नसायचीच. असं करत गावातली कितीतरी पोरं माझी जुळी भावंडं झाली. एक जूनला त्या सगळ्यांच्या मोबाइलवर फुगे उडायचे, आणि चौथीतलं एखादं कार्टं रस्त्यात अडवून म्हणायचं, "काका, हॅपी बड्डे. मलाबी आलाय." हेडमास्तर केव्हाच गेले, पण त्यांची गादी मी चालवत होतो. आणि मला ती गंमत वाटत होती.

माझ्या मुलीचं खातंही मीच काढलं. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. तिला म्हशीचे व्हिडिओ टाकायचे होते.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात. भादरलेली, तेलानं चोळलेली म्हस, शिंगं रंगवलेली, कपाळावर मोरपिसं. मालक मोटारसायकलची पुंगळी, म्हणजे सायलेन्सर, काढून कान फाटतील असा आवाज करत पुढं सुटतो, आणि म्हस त्याच्या हाकेवर मागनं पळते. दोरी नाही, काठी नाही. माझ्या मुलीनं आबांच्या मागं लागून एक रेडी, म्हणजे अजून न व्यालेली तरणी म्हस, आपल्या हाताखाली घेतली. तिचं नाव सांगणार नाही. माणसांची नावं सांगायची नाहीत असं ठरवलंय, तर म्हशीवर तरी अन्याय कशाला.

प्रश्न आला मोटारसायकलचा. मी ठणकावून सांगितलं, "गाडीला हात लावायचा न्हाई. वय न्हाई, लायसन न्हाई. कायदा म्हंजे कायदा." मग तिनं सायकल काढली. सायकलला पुंगळी नाही, म्हणून तोंडानंच 'ढर्रर्र' करत ती पुढं आणि रेडी मागं. लोकांना तेच आवडलं. लांबलांबची माणसं बघायला लागली.

ज्या बापानं कायदा म्हणून तिला गाडी दिली नाही, त्यानंच तिला एकोणचाळीस वर्षांची बाई करून मोकळ्या हमरस्त्यावर सोडून दिलं होतं. हे माझ्या ध्यानात यायला चार वर्षं लागली.

मग नव्या कायद्याची बातमी आली. अठराच्या आतल्या पोरांचं खातं चालवायचं तर आई-बापाची संमती लागणार, आणि तीही नुसती टिक मारून नव्हे, पडताळून. परदेशात कुठं तर सोळाच्या आत खातंच काढू देत नाहीत म्हणे. मी पेपरातनं आबांना वाचून दाखवलं. आबा वैरण घालत म्हणाले, "वय बघायला कायदा कशाला पायजे? तोंड उघडायचं, दात बघायचं."

आबांचा सगळा जन्म दात बघण्यात गेलाय. बाजारात मालक छातीवर हात मारून म्हणतो, "दुसऱ्या वेताची हाय, पावणं," आणि म्हस चार वेळा व्यालेली असते. आबा वाद घालत नाहीत. बाजूनं जबड्यात हात घालतात, ओठ वर करतात. सगळे दुधाचे असले तर अदत, दोन पक्के आले की दोन दाती, मग चार, मग सहा, आणि आठही भरले की जुळली. "मालक खोटं बोलतो," असं म्हणून ते हात धोतराला पुसतात. "दात खोटं न्हाई बोलत."

थोड्याच दिवसांत ॲपनंही दात बघायला सुरुवात केली. म्हणजे तोंड. मोबाइलवर एक गोल यायचा, त्यात चेहरा धरायचा, डावीकडं बघा, उजवीकडं बघा. त्याला वय पटलं नाही तर पालकाचं ओळखपत्र. माझ्या दुकानासमोर चपलांचा ढीग पडला. शेजारच्या गावातला एक माणूस पोराचं बखोट धरून आत आला.

"पावणं, ह्या पोराला बाप दाखव म्हणालंय मोबाईल."

"मग दाखवा की. तुमीच बाप न्हवं?"

"दावलो की! आधार दावलो, तोंड दावलो. म्हणतंय, चालत न्हाई."

बघितलं तर पोराच्या खात्यावर तारीख माझी. बाप अडतीस वर्षांचा आणि पोरगं त्रेचाळीसचं.

मागनं कुणीतरी ओरडलं, "मग पोराचं आधार लावून बापाला परवानगी द्या की!"

सगळं दुकान हसलं. मीही हसलो, पण जरा बेतानं.

त्या दिवशी घरी गेलो तर तोच तमाशा. मुलीचा चेहरा गोलात धरल्यावर ॲपनं सांगितलं होतं, 'आपण अठरा वर्षांखालील दिसता.' सात दिवसांत पालकाची संमती द्या, नाहीतर खातं बंद, व्हिडिओ गायब. आबांनी हौसेनं रेडीचं तोंड गोलात धरून बघितलं. ॲप म्हणालं, 'उजेड कमी आहे.' मी माझं आधार लावलं. पालक आणि पाल्य यांची जन्मतारीख एकच, अर्ज नामंजूर. आमची ही भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हंजे तुमी दोघं जुळी. मग मी कोण, दोघांची आई?"

"आण तो मोबाइल," मी मुलीला म्हणालो. "तारीख दुरुस्त करू."

"नको."

"नको म्हंजे?"

"ऱ्हाऊ दे, पप्पा. बंद पडू दे ते."

जी पोरगी एका व्हिडिओसाठी रेडीला चार-चार वेळा धुवायची, ती म्हणते बंद पडू दे. पाडवा तीन आठवड्यांवर आलेला. मी आवाज चढवला. मोबाइल कुणी घेऊन दिला, बोलतेस कुणापुढं, बापानं करायचं ते सगळं भाषण केलं. ती मोबाइल छातीशी धरून गोठ्यात गेली.

ही हळूच म्हणाली, "कायतरी हाय. आधी मोबाईल काढून घ्या तिचा."

हे आमच्याकडचं जुनं औषध. पोरीला रस्त्यात ठेच लागली की पोरीचा रस्ता बंद करायचा. दगड तिथंच.

मीही उठलो होतो काढून घ्यायला. पण दारातच आबांनी अडवलं. "फुडनं हात घालालाईस. चावंल."

"काय?"

"जनावराचं तोंड उघडायचं तर बाजूनं. जितं दात न्हाईत तितनं. आन आदी आपला हात हुंगू द्यायचा त्येला. येवडी बुकं शिकलास, येवडं न्हाई व्हय कळत?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी ती रेडीला तेल चोळत होती. मी बादली पालथी घालून शेजारी बसलो. माझ्याकडं हुंगवायला एकच हात होता.

"तुझ्या खात्याची तारीख खोटी हाय," मी म्हणालो. "ती मी घातलीया. तुझी चूक न्हाई. माझी हाय."

ती चोळत राहिली.

"गावातल्या सगळ्याच पोरांची घातलीया."

"म्हाईत हाय. वर्गात सगळी हसत्यात." तिनं हातावर आणखी तेल ओतलं. "मोबाईल काढून घेणार न्हाई म्हणा."

"न्हाई घेणार."

"आईलाबी घेऊ देणार न्हाई म्हणा."

"न्हाई."

"रेडीवर हात ठेवून म्हणा."

मी ठेवला. कोपरापर्यंत तेल लागलं.

"मग मी सांगतो," ती म्हणाली. आमच्याकडं पोरीही 'येतो, जातो, सांगतो'च म्हणतात.

कुणीतरी एक माणूस होता. कुठला ते तिला माहीत नाही, मलाही अजून माहीत नाही. आधी म्हशीबद्दल विचारायचा. खुराक काय, पळायला कशी शिकवली. 'मॅडम' म्हणायचा. तिला त्याची गंमत वाटायची, घरात कुणी तिला साधं 'अगं' सोडून काही म्हणत नाही. मग त्यानं वय विचारलं. तिनं सांगितलं, पंधरा. तिनं खरं सांगितलं. ह्या सगळ्या कारभारात खरं वय सांगणारी ती एकटीच निघाली. त्यानंतर 'मॅडम'चं 'तू' झालं. म्हशीशिवायचा फोटो पाठव म्हणायला लागला. घरी सांगू नको. नाही पाठवलास तर तुझी शाळा मला माहीत आहे, व्हिडिओत गणवेश दिसतो. तिनं त्याला बंद केलं तर तो दुसऱ्या नावानं आला. दोन महिने चाललं होतं. तिनं फोटो पाठवला नव्हता. पण दोन महिने ती हे पोटात घेऊन माझ्यासमोर बसून जेवत होती, आणि मी तिला 'नीट जेव' म्हणत होतो.

"मला सांगायचं न्हाईस व्हय?"

"सांगितलो आसतो तर मोबाईल गेला आसता. रेडीचं बंद केला आसता तुमी. पाडवाबी गेला आसता." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्या बाप्याला काय झालं नसतं. मलाच झालं आसतं."

बी.कॉम.ला न शिकवलेल्या पण कॉलेजच्या कट्ट्यावर पाठ झालेल्या सगळ्या शिव्या त्या माणसासाठी तोंडाशी आल्या. दोन-चार रेडीसमोर दिल्याही. ती कान हलवून बाजूला झाली.

मग मी ॲपचे नियम वाचले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, उघडून, शेवटपर्यंत. मुलांच्या खात्यावर अनोळखी माणसाला निरोप धाडता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे दाराला कडी होती. मीच दार चौकटीसकट काढून ठेवलं होतं.

सोमवारी मी, ही आणि मुलगी असे तिघं कोल्हापूरला तक्रार द्यायला गेलो. त्याचे सगळे निरोप मीच माझ्या दुकानात छापून घेतले होते. पोलीस पन्नाशीचा होता. त्यानं मुलीला आधी पाणी दिलं, मग कागद वाचले.

"मुलीचं वय?"

"पंधरा."

"खात्यावर त्रेचाळीस दिसतंय."

"ते मी घातलंय."

"का?"

माझ्याकडं उत्तर होतं, पण ते हेडमास्तरांच्या वहीपासून सुरू होत होतं.

"मग तसं लिहून द्या," तो म्हणाला. "तुमच्या अक्षरात. नाहीतर उद्या समोरचा म्हणेल, मला वाटलं बाई त्रेचाळीसची आहे."

त्यानं कोरा कागद पुढं सरकवला. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज लिहिले. 'विनंती की', 'कृपा करून', 'सदर बाब', सगळं झोपेत लिहीन. त्या दिवशी एक ओळ लिहायला पंधरा मिनिटं लागली. 'सदर जन्मतारीख खोटी असून ती मी स्वतः, मुलीला न विचारता भरली.' सही केली. मी सहीखाली नेहमी बी.कॉम. लिहितो. पेन तिथं अडलं. ही शेजारनं बघत होती. मग लिहिलंच. चूक काही अंगठ्यानं केली नव्हती.

"तुमची जन्मतारीख?"

"एक जून."

त्यानं वर बघितलं. "खरी?"

"न्हाई."

"माझीबी एक जूनच," असं म्हणून त्यानं मुकाट्यानं लिहून घेतलं. माझी मुलगी फिस्सकन हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

त्या माणसाचं खातं दिसेनासं झालं. पुढं काय झालं ते अजून कळलेलं नाही. दर पंधरा दिवसांनी मी जाऊन विचारतो. आता हेलपाटे माझे.

मुलीची तारीख दुरुस्त केली. मग मी त्रेचाळीसचा आणि ती पंधराची असं ॲपला पटलं, आणि मला तिचा बाप म्हणून मान्यता मिळाली. तिचे व्हिडिओ आता ओळखीच्या माणसांनाच दिसतात, अनोळखी माणसाचा निरोप येत नाही. आणि नवा व्हिडिओ टाकायचा झाला की ॲप आधी माझ्या मोबाइलवर परवानगी मागतं. ती फुरंगटली. "आदी कुटनं कुटनं बघायची माणसं. आता बघणार कोण? तुमचं मेव्हणं?"

दुकानात मी पाटी लावली: 'ज्या मुलांची जन्मतारीख मी घातली आहे, त्यांनी दुरुस्तीला यावे. चूक माझी आहे, फी नाही.' थोडी आली. बाकीच्यांचे आई-बाप म्हणतात, चाललंय ते बरं चाललंय, कशाला उकरून काढतोस. आणि जे येतात ते मोबाइल माझ्यापुढं टाकून म्हणतात, "ती संमती का काय ती तूच देऊन टाक."

"बाप तुमी हायसा. वाचा आन मग दाबा."

"मी वाचायचं? मग तू शिकलास कशाला?"

आता दिल्लीत बसून कायदा करणाऱ्याला वाटत असेल की गावागावात बाप चष्मा लावून कलमं वाचतोय. मी खुर्चीवर बसवून मोठ्यानं वाचून दाखवतो. पोरालाही शेजारी बसवतो. एका माणसाला अर्धा तास लागतो, बाकीचे ओरडतात. ओरडू देत.

पाडवा आला. सगळी गल्ली पुंगळ्यांच्या आवाजानं दणाणत होती. धुरात शिंगं, गोंडे आणि मोरपिसं तेवढी दिसत होती. त्या सगळ्यांच्या मधनं माझी मुलगी सायकलवर, तोंडानं 'ढर्रर्र', आणि मागनं रेडी, अशी दौडत की मोटारसायकलवाल्यांनी वाट दिली. आबा कठड्यावर उभे राहून ओरडत होते. माझ्या मेव्हण्यानं चित्रण केलं.

घामानं भिजलेली ती सायकल टाकून माझ्याकडं पळत आली. "टाकलो. तुमच्याकडं आली आसंल परवानगी. दाबा."

आली होती. मी चष्मा लावला.

"पप्पा, वाचत काय बसलाय! दाबा की!"

मी खाली खाली वाचत गेलो. धूर डोळ्यांत जात होता. शेवटी एक रकाना होता: 'हा व्हिडिओ कोणी पाहावा?' माझं बोट सवयीनं पहिल्या, 'ओळखीचे सगळे' ह्या पर्यायावर गेलं होतं. उचललं.

"हितं इचारतंय, कुणी कुणी बघायचं. काय घालू?"

ती थांबली. असं तिला कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि मी तर आजवर कुणालाच नाही. तिनं रेडीच्या मानेवर हात टाकला आणि विचार करायला लागली.

"वर्गातल्या पोरी," ती म्हणाली. "आबा. आई. मामा, पण त्यानं खाली काय लिहायचं न्हाई. आन ते पोलीस काका."

"त्यांचं खातं कुटं म्हाईत हाय आपल्याला?"

"मग तुमी पंधरा दिसांनी जाणार हायसा नव्हं? तवा दाखवा."

"बरं. आन मी?"

"तुमी बघितलासा की आत्ता," ती म्हणाली. मग रेडीला थोपटत, "बरं, ऱ्हाऊ दे. तुमालाबी घाला."

मी स्वतःला घातलं आणि दाबलं.